शेवंतीचा पाय

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते अंगणात शेवंतीच्या, आमच्या घोडीच्या, पुढच्या पायावर नळीचं पाणी सोडत होते.

"मेघा, हाडावर नवी गाठ आलीय. हात लावून बघ, गरम लागते का."

"नंतर बघते," मी पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले.

तेरावा झाल्यावर मी तिला जनावरांच्या दवाखान्यात आणलं. रांगेत माझ्यापुढे कन्नड तालुक्यातले एक म्हातारबा आणि त्यांची लेक होती. त्यांच्या तरण्या घोडीलाही तशीच गाठ होती.

"तापल्या सळईनं डाग देऊन टाकू. माझा बाप तेच करायचा," म्हातारबा म्हणाले.

"आज्याच्या घोड्या जल्मभर लंगडल्या, आबा."

"लई बोलती."

"महिनाभर पळवायची नाय. डांबरीवर तर नायच. दोन टाइम गार पाणी, बस."

"आन् वरातीत कोण नाचंल?"

"तुमी नाचा."

"बरं, आज गाठ गरम हाय का, बघ जरा."

"रोज मलाच का बघाया लावता? तुमीच बघा की."

"माझ्या हाताला आता कळत नाय गं."

"...कवापासून?"

"झालं वरीसभर. बघ तू."

"थांबा, दोन्ही पाय धरून बघते. कालच्यापेक्षा गार हाय."

"नक्की?"

"व्हय, आबा. गाठ ऱ्हाईल, पण दुखणार नाय."

त्यांचा नंबर आला. ते आत गेले.

मी खाली बसले आणि शेवंतीचे पुढचे दोन्ही पाय हातांत धरले.

"अण्णा," मी म्हणाले, "अजून गरम लागतेय."