भट्टी गावापासून दूर नेणाऱ्या दीपमालाताई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पोलाद कारखान्याचे प्रमुख आदरणीय अर्जुनराव नारखेडे साहेब. ज्यांच्यासाठी हा मांडव घातला त्या सत्कारमूर्ती, विस्तार प्रकल्पाच्या मुख्य अभियंता दीपमालाताई हिवराळे. वरवट बकालहून लेकीचं कौतुक बघायला आलेले सहदेवभाऊ आणि सिंधूताई. पाळी संपवून अंगावरच्या निळ्या कपड्यांनिशी इथं आलेले कामगार बंधू. आणि मागच्या रांगेत मुद्दाम दाटीवाटीनं बसलेल्या, पुढं या म्हटलं तरी न येणाऱ्या माझ्या टेंभीखेडच्या आयाबहिणींनो, आपणा सर्वांना जय भीम, जय गजानन आणि नमस्कार.

आवाज येतो ना मागं? हाव? बरं.

मला इथं उभं केलेलं बघून काही पाहुण्यांना नवल वाटत असेल. ज्या सरपंचबाईनं नव्या भट्ट्या होऊ नयेत म्हणून कारखान्याच्या गेटसमोर सतरंजी अंथरून ठाण मांडलं, तिलाच निरोपाचं भाषण? आयोजकांनी विचारलं तेव्हा मीही म्हटलं, "भाऊ, माइक माझ्या हाती देण्याआधी साहेबांना विचारून घ्या." ते म्हणाले, "ताईंचाच हट्ट आहे, सुवर्णा सातव बोलल्या नाहीत तर सत्कार नको." आता सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

आमचं सातवांचं घर भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांभार म्हणजे तुमची कोथिंबीर, हे पिकवायचं आणि मोताळ्याच्या बाजारात नेऊन विकायचं. पण घरातला कर्ता पुरुष, म्हणजे आमचे हे, रवी सातव, ते तिकडं खांबाजवळ उभे आहेत, ते याच कारखान्यात भट्टीवर कामाला. भंगार आत टाकायचं, विजेच्या जोरावर ते वितळवायचं, आणि लालभडक रस ओतून त्याच्या पुढं सळ्या करायच्या. जुन्या भट्ट्या लहान. लहान भट्टीला वीज जास्त लागते आणि माल कमी निघतो. मोठ्या कारखान्यांपुढं आपला टिकाव लागेना. म्हणून साहेबांनी ठरवलं की दोन मोठ्या नव्या भट्ट्या बसवायच्या. आणि त्यांचा आराखडा करायला आल्या दीपमालाताई.

पहिल्या आराखड्यात नवी शेड कुठं होती माहीत आहे? आमच्या शेवटच्या गल्लीला लागून! कारण सरळ होतं. त्या बाजूला जागा मोकळी, आणि खाली कडक मुरूम. पलीकडं पश्चिमेला काळी माती. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. तिच्यावर एवढं वजन उभं करायचं तर पाया खूप खोल न्यावा लागतो. इंजिनियरच्या दृष्टीनं ताईंचं काहीच चुकलं नव्हतं. पण आमच्या सासूबाई अन्नपूर्णाबाईंचा दमा इंजिनियरिंग शिकलेला नव्हता! जुन्या भट्टीत तेलकट भंगार पडलं की असा धूर उठायचा, आणि वारा सुटला की तो थेट आमच्या अंगणात उतरायचा. वाळत घातलेलं धुणं पुन्हा धुवायचं. मेथीच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट काळं.

ग्रामसभा भरली. नव्या भट्ट्यांना गावाची हरकत आहे, असं मी ठणकावून मांडलं. टाळ्या पडल्या. आणि मी घरी आले.

घरी काय झालं असेल, याची कल्पना करा.

हे म्हणाले, "सुवर्णे, नवी भट्टी नाही झाली त जुनी बंद पडते. मंग मी कुठं जाऊ? पुन्याले?"

मी म्हटलं, "आन झाली त तुमच्या आईले कुठं नेऊ? श्वास घ्यायले?"

"तुले मायी नोकरी दिसत नाही काय?"

"तुमाले मायचा दम दिसत नाही काय?"

सासूबाई आतून ओरडल्या, "मायं नाव घेऊन भांडू नका बे! मी हाय अजून!"

हसता काय? असं भांडण तेव्हा घराघरांत होतं. भाऊ कामाला, म्हणून तो भट्टीच्या बाजूनं. भावजयीच्या लेकराला खोकला, म्हणून ती विरोधात. एका चुलीवरची माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. आणि खरं सांगते, दोघंही खरं बोलत होते. पोट पण खरं आणि छाती पण खरी.

अशात एका सकाळी दीपमालाताई गावात आल्या. आम्हाला वाटलं, समजूत घालायला आल्या. मी पदर खोचूनच पुढं झाले. तर त्या म्हणाल्या, "सरपंचताई, मला तुमच्या शेवटच्या गल्लीत एखादी खोली मिळेल का भाड्यानं? उन्हाळाभर राहीन म्हणते."

मी विचारलं, "काऊन?"

"वारा कसा वाहतो ते मी वेधशाळेच्या आकड्यांवरून काढलंय. पण धूर कसा लागतो ते मला माहीत नाही."

त्याच गल्लीत राहणाऱ्या सुभद्राबाईंनी आपली पुढची खोली दिली. आणि बाई खरंच राहिली हो! कारखान्याचं थंडगार अतिथीगृह सोडून. महिनाभरात आमच्यासारखीच खोकायला लागली. सुभद्राबाई तिला अडुळशाचा काढा द्यायच्या आणि वरून म्हणायच्या, "घे, तुह्याच कारखान्याची भेट हाय."

मग बुद्धपौर्णिमा आली. लेकीला भेटायला सिंधूताई आल्या. त्यांनी पौर्णिमेसाठी आणलेलं पांढरंशुभ्र लुगडं धुऊन दोरीवर टाकलं. दुपारी भट्टीत माल पडला, वारा फिरला. सिंधूताईंनी लुगडं काढायला हात लावला आणि बोटं काळी झाली. मी तिथंच होते. वाटलं, आता माऊली आम्हाला काही बोलतील. पण त्यांनी लेकीलाच आवाज दिला.

"दीपमाला! इकडे ये. हे पाह्य. हे काय होय?"

"आई, ती काजळी आहे. भंगारातलं तेल जळतं ना…"

"तेल जळते ते मले समजते. तू याच्याहून मोठी भट्टी बांधून राह्यली न? याच घरापाशी?"

ताई लुगड्यावरची काजळी झटकायला लागल्या.

"लुगडं मी धुईन माय. पन लोकायच्या लेकरायची छाती कोन धुईन? तुले आम्ही याच्यासाठी शिकवलं काय?"

एवढी शिकलेली, साइटवर कंत्राटदारांना घाम फोडणारी बाई, आईपुढं मान खाली घालून उभी होती. सिंधूताई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. गेटसमोर इतके दिवस घसा कोरडा करून मला जे जमलं नाही, ते तुम्ही एका लुगड्यात केलं.

ताईंनी आराखडा नव्यानं करायला घेतला. शेड उचलली आणि पार पश्चिमेला, गावापासून लांब नेली. काळी माती आहे तर पाया खोल घेऊ, म्हणाल्या. आणि मुख्य गोष्ट, नव्या भट्ट्यांच्या आधी जुन्या भट्ट्यांवर धूर ओढून घेणारं झाकण बसवायचं. त्या झाकणातून धूर मोठ्या नळीत, नळीतून कापडी पिशव्यांत. आपण चाळणीनं पीठ चाळतो ना, तशी काजळी पिशवीत अडकते आणि हवा पुढं जाते. हे घेऊन त्या साहेबांकडं गेल्या.

अध्यक्ष महोदय, आपण शेजारीच बसला आहात, तरी बोलते. साहेब नाही म्हणाले! खर्च वाढतो, वेळ जातो, यंत्रं देणारे थांबायला तयार नाहीत, अशी त्यांची अडचण होती. ताईंनी शांतपणे सांगितलं, "मग जुन्या आराखड्यावर माझी सही राहणार नाही." बॅग भरली आणि त्या वरवट बकालला निघून गेल्या.

गावात आनंद झाला. काम थांबलं, आपण जिंकलो! कोणीतरी पेढे आणले. पण मंडळी, पेढा तोंडात असतानाच खोकला आला. कारण जुनी भट्टी तर चालूच होती. धूर तोच. वर पुढच्या हंगामात कामगार कमी करणार अशी कुजबुज सुरू झाली. म्हणजे नोकरीही जाणार आणि धूरही राहणार. आणि दोन्ही वाचवायचा ज्या एका माणसानं विचार केला, ती बाई तर घरी जाऊन बसली. हे कसलं जिंकणं?

मी सुभद्राबाईंना म्हटलं, "मावशी, गाडी करू. तिले परत आनू." त्या म्हणाल्या, "मी त कवाची लुगडं नेसून बसली."

आम्ही बायका वरवट बकालला पोचलो तेव्हा सहदेवभाऊ मिरचीच्या वावरात होते. हातानंच दाखवलं त्यांनी. "ते पाहा तुमची इंजिनियर. आली तवापासून मिरच्या तोडून राह्यली. पन अर्ध्या हिरव्याच तोडते, लाल सोडून देते. ध्यान सारं तुमच्या भट्टीत. घेऊन जा तिले, नाहीतर मायं पीक जाते!"

ताई आम्हाला बघून चकित झाल्या. "सरपंचताई, तुम्ही? तुम्हाला तर भट्ट्या नको होत्या."

मी म्हटलं, "मले धूर नको होता, ताई. तुम्ही नको, असं मी कधी म्हनलं?"

त्या हसल्या आणि मग मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणून रडल्या. मिरचीचं निमित्त होतं, असं माझं मत आहे. ताई मान हलवताहेत. जाऊ द्या, भाषणात मतस्वातंत्र्य असतं.

तिथून आम्ही सरळ साहेबांच्या दालनात. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, तुम्ही विरोधक. तुम्हीच यांना परत आणलं?" मी सांगितलं, "साहेब, ह्या बाईनं जो आराखडा केला, तो जसाच्या तसा होणार असेल तर ग्रामसभेत भट्टीच्या बाजूनं मी बोलेन." साहेबांनी ताईंचा आराखडा पुढं ओढला. मग म्हणाले, "एका जुन्या भट्टीवर झाकण बसवून दाखवा. गाव हो म्हणालं तर पुढचं सगळं तुमच्या मनासारखं." साहेब, त्या दिवशी आपण जे मोठेपण दाखवलं, त्यासाठी सर्वांसमक्ष आपले आभार मानते. स्वतःचा निर्णय बदलायला भट्टी बांधण्यापेक्षा जास्त ताकद लागते.

पण झाकण काही पहिल्या फटक्यात बसलं नाही. पक्कं बसवलं तर वरून भंगार टाकायला क्रेनला जागा मिळेना. सैल केलं तर धूर बाजूनं निसटे. आमचे हे घरी येऊन चिडायचे, "तुही ती ताई आमाले काम करू देत नाही!" ताई मात्र दिवस दिवस भट्टीपाशी उभ्या. कामगारांना विचारत, चुकलेलं पुन्हा करत. शेवटी बाजूला सरकणारं, भट्टीबरोबर कलणारं झाकण तयार झालं.

ज्या दिवशी ते चालू व्हायचं, त्या दिवशी सासूबाईंनी गच्चीवर गव्हाच्या कुरडया घालायला घेतल्या. आमच्या गल्लीत कित्येक वर्षं कोणी वाळवण घातलं नव्हतं. आम्ही माहेरी जाऊन घालायचो. मी त्यांना म्हटलं, "मामी, आजच काऊन? पाहू न आधी." त्या म्हणाल्या, "पाह्यासाठीच त घालून राह्यली."

भट्टीत माल पडला. बाकीच्या भट्ट्या त्या दिवशी बंद ठेवल्या होत्या. सगळ्या गच्च्यांवर बायका उभ्या. वारा आमच्याकडंच होता. आम्ही धुराची वाट बघतोय आणि धूर येत नाही! दुपार उलटली. सासूबाईंनी एक कुरडई उचलली, उन्हात धरली, उलटी केली, सुलटी केली. मग तिचा तुकडा मोडला आणि शेजारी उभ्या असलेल्या ताईंच्या तोंडात घातला. "खाय माय. पांढरीच हाय."

मंडळी, ग्रामसभा नंतर रीतसर झाली, हात वर झाले, सगळं झालं. पण माझ्या लेखी ठराव त्या गच्चीवर पास झाला होता.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच. काळी माती उपसली, पाया भरला, विजेचे मनोरे उभे राहिले. पहिला रस ओतायचा तो दिवस आठवतो? सहदेवभाऊंना वरच्या सज्जात उभं केलं होतं, डोक्यावर पिवळं हेल्मेट. नवी भट्टी कलली आणि सूर्य वितळून ओतावा तसा रस खाली आला. सगळे टाळ्या वाजवत होते. सहदेवभाऊ टाळी वाजवायचं विसरले. लेकीला विचारलं, "हे सारं तुह्या डोक्यातून निंगालं?"

ताई म्हणाल्या, "नाही बाबा. माझ्या डोक्यातून निघालं ते गावानं फिरवलं."

त्यावर ते म्हणाले, "मंग तू त्याहिच्यावर रागावली नाही न?"

"रागावले होते की! म्हणून तर मिरच्या तोडल्या."

आज आमच्या गल्लीत भाऊ आणि भावजय एका ताटात जेवतात. नव्या भट्टीवर गावातली नवी मुलं लागली, आणि मुलीही. आमचे हे पुण्याला गेले नाहीत. सासूबाईंचा दमा पूर्ण गेला असं मी म्हणणार नाही, पण आता त्या माझ्याशी एका दमात भांडतात. ही प्रगती मानायची की नाही, ते तुम्ही ठरवा!

आणि आता ताई जालन्याला चालल्या. तिथं याहून मोठा प्रकल्प, याहून मोठी जबाबदारी. आम्हाला वाईट वाटतं का? वाटतं. सुभद्राबाईंनी खोली दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं जाहीर केलंय. पण मुलगी कर्तबगार निघाली की ती एका गावाची राहत नाही, हे सिंधूताईंनी आमच्या आधी सोसलंय.

ताई, जाता जाता एक मागणं. नव्या ठिकाणी कागद पसरण्याआधी त्या गावात एखादी भांडखोर बाई शोधा. प्रत्येक गावात असते. तिचं सगळं ऐकून घ्या, मग रेघ ओढा. आणि नाहीच सापडली, तर फोन करा. मी येते. सतरंजी घेऊन येते.

संयोजकांनी मला मोकळेपणानं बोलू दिलं, अध्यक्षांनी हसत ऐकून घेतलं, आणि मागच्या रांगेनं मध्येमध्ये बोलत का होईना पण शेवटपर्यंत साथ दिली, त्याबद्दल सगळ्यांची ऋणी आहे. बोलण्याच्या भरात मानपान राहिला असेल, कुणाचं नाव सुटलं असेल, वऱ्हाडी जिभेनं कुठं टोचलं असेल, तर घरचीच बाई म्हणून पोटात घाला. ताई, या इकडं. हा हार तुमच्यासाठी नाही, तो सिंधूताईंच्या गळ्यात तुमच्या हातानं घालायचाय. आणि आम्हाला टाळ्या वाजवायच्यात.