शिडी, नवस आणि मी आपली गप्प!

नवस बोलायला मला काय, नुसतं निमित्त लागतं! पण तो ॲम्ब्युलन्समधला नवस… तुम्हाला सांगते, तसला वेडा नवस जन्मात बोलले नव्हते. हे शिडीवरून पडले, डोकं आपटलं, डोळे मिटलेले, आणि मी देवाला म्हणाले, यांनी डोळे उघडेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढणार नाही!

हॉस्पिटलात पोचतो तर काय, आधीच पाच-सहा जणं पलंगाभोवती आपापल्या जागी उभी! प्रत्येकाच्या छातीवर आपापल्या कामाची पट्टी: श्वास, सुई, नोंद… अहो, लग्नघरात एवढी शिस्त नसते! एक डोक्याशी मान धरून, एक सुई लावतेय, एक शर्ट कात्रीने कापतेय (नवा कोरा शर्ट! पण मी आपली गप्प!) आणि एक डॉक्टर पायथ्याशी हाताची घडी घालून नुसते उभे. म्हटलं, सगळे राबतायत आणि हा बाप्या बघा! मनात हं… तोंडाने मी आपली गप्प!

एक सिस्टर खास माझ्यासाठी. "काकू, काका कुठल्या गोळ्या घेतात?"

आली का पंचाईत! हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी, रोज मीच देते! मी छातीवर हात ठेवला, चिमटीत गोळी दाखवली, मनगटावरच्या शिरेवर बोट फिरवलं…

"अगं बाई, काकूंच्या छातीत दुखतंय!" म्हणत तिने मलाच चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि नाडी धरली!

तेवढ्यात पायथ्याकडून आवाज, "गोळ्यांचं कळलं का? डोक्यात रक्त साचत असेल तर वेळ नाही आपल्याकडे."

देवा, तुझं-माझं नंतर बघू! ओरडलेच मी, "रक्त पातळ करायची गोळी! आज सकाळीच घेतलीय!"

डॉक्टर मानही न वळवता म्हणाले, "ऐकलं. त्यावरचा उतारा द्या."

"उतारा देतेय," सुईवाली.

"दिला, दहा वाजून बारा," नोंदवाली.

तेव्हा कळलं, सगळ्यांचे हात गुंतलेत म्हणून तर या डॉक्टरांच्या हाताची घडी! सगळीकडे बघायला कुणीतरी मोकळं नको?

तिसऱ्या दिवशी यांनी डोळे उघडले. सगळं ऐकून म्हणतात कसे, "तीस वर्षं गप्प बस म्हणतोय… आणि बसलीस ती नेमकी तेव्हा!"

काय बोलणार? मी आपली गप्प!

आता नवा नेम धरलाय. रोज प्रार्थना झाली की यांच्या खिशात गोळ्यांची चिठ्ठी. तुम्हीही एवढा नेम धरा हो. आणि नवस बोलायचाच, तर उपास करा, अनवाणी चाला… मौन तेवढं नको!