लाँगफर्डचा बिनविरोध ट्रस्टी

...आणि वर सगळे मलाच विचारतात, 'काय ओरेस्ट, मंडळ आपली शाळा बंद करायला निघालंय, वाचवतोयस ना?' अहो, कशी वाचवणार? एकट्या ट्रस्टीला काडीचा अधिकार नसतो! शाळामंडळावर आम्ही सातजण, गावोगावचे, निवडून आलेले. निवडून कसले, लाँगफर्डमधून दुसऱ्या कुणी अर्जच भरला नाही, म्हणून मी बिनविरोध. तेव्हाच शंका यायला हवी होती...

तुम्हाला सांगतो, भीतीने मी कर्लिंगला, म्हणजे बर्फावर दगड घसरवायच्या आमच्या खेळाला, जाणं सोडलं. दगड सोडायला वाकलो की मागून कुणीतरी म्हणायचंच, 'आमच्या चिमुरड्यांनी दुसऱ्या गावच्या शाळेसाठी सस्कॅचेवानच्या थंडीत तासभर बसमध्ये कुडकुडायचं का?' वाकलेल्या माणसाने काय उत्तर द्यावं? घरी बायको, डार्लीन, बटाटा भरलेल्या पेरोगी वाढता वाढता म्हणते, 'शाळा गेली तर चर्चमध्ये माझ्या शेजारी बसू नकोस.' अगं, एकट्या ट्रस्टीला अधिकार नसतो... पण ऐकतंय कोण?

मतदान झालं. मी विरोधात हात वर केला, गळ्याशपथ. चार विरुद्ध तीन, शाळा बंद. म्हटलं, निदान माझा हात तरी सगळ्यांनी पाहिला, सुटलो. तर आमच्या अध्यक्षीण फ्रीझनबाई, गोड आवाजात, 'ओरेस्ट, ठराव झाला की तो सगळ्यांचा. तुमचं गाव, तुम्हीच सांगा. आणि "त्यांनी ठरवलं" नाही हं, "आम्ही ठरवलं" म्हणायचं.' म्हणजे बघा, शाळा वाचवायला एकट्याला अधिकार नसतो, शिव्या खायला असतो!

सभा त्याच शाळेच्या जिममध्ये. अख्खं गाव पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, माझी नात पहिल्या रांगेत. 'आम्ही ठरवलंय...' एवढंच फुटलं तोंडून. वाटलं, आता बूट येणार. कुणी ओरडलंच नाही हो. उलट मागच्या टेबलावर केक कापायला घेतला. त्याचीच जास्त भीती वाटली.

मग थेल्माबाई उठल्या. मला दुसरीत शिकवायच्या, याच शाळेत. माझ्या हातावर केकचा तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, 'खा. आणि पुढच्या निवडणुकीलाही तूच उभा राहा.'

'मी? बाई, माझ्या डोळ्यांदेखत शाळा गेली.'

'म्हणूनच. आता वाचवायला काही उरलं नाही. एवढं तुला जमेल.'

मी केक गिळला आणि हो म्हणालो... नाही म्हणायची भीती वाटली हो.