ओव्हरसियरची मिशी

बोलू नका, बोलू नका. दारावरची पाटी वाचलीय मी – दोन प्रयोगांच्या मध्ये नटाला बोलतं करू नये, डॉक्टरांची सक्त ताकीद. उत्तमच. मला उत्तर नकोच आहे, मला तुमची मिशी हवीय. ती काय, आरशाच्या कडेला चिकटवून ठेवलेली. उद्या सकाळपुरती. रात्रीच्या प्रयोगानंतर नेतो, दुपारी आणून देतो. हसू नका, हसण्यानंही घसा ताणतो म्हणे.

सांगू? मान हलवलीत म्हणजे सांग असंच ना – तर हे नाटक मी आज सहाव्यांदा पाहिलं. तो मंत्री कागद पुढे सरकवतो, पूल पक्का आहे असं लिहून दे म्हणतो, आणि तुम्ही मिशीवरून एक बोट फिरवता – किती वेळ लावता हो, इकडे माणसाचा जीव जातो – आणि मग म्हणता, 'नाही. हे माझ्या हातून व्हायचं नाही.' बस्स. अंगावर काटा येतो माझ्या. कारण तो ओव्हरसियर म्हणजे मीच. म्हणजे मिशी नाही, पूल नाही, आवाज तर मुळीच नाही, पण आतून – आतून मीच. धाकटी बहीण म्हणते, 'दादा, तू कसला ओव्हरसियर, तू मंत्र्याच्या डोक्यावर छत्री धरून उभा असतो ना, तो.' त्याला अख्ख्या नाटकात एकच वाक्य आहे हो, 'जी साहेब.' तिच्याशी अबोला धरलाय मी.

आता उद्याचं. काकांचा बाटलीबंद पाण्याचा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी – प्रयोगशाळा कसली, एक टेबल, एक फ्रीज आणि मी. रसायनशास्त्र शिकलो, जग बदलायला निघालो आणि काकांच्या फ्रीजपाशी येऊन थांबलो. नव्या विहिरीचं पाणी तपासलं, त्यात जंतू. पुन्हा तपासलं, पुन्हा जंतू. काका म्हणाले, चांगलं आहे असं लिहून टाक, उद्या सकाळी गाडी भरायचीय, विहिरीचं मागाहून बघू. लहान मुलं पिणार ते पाणी. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, 'बघतो.' ओव्हरसियर कधी 'बघतो' म्हणतो? 'नाही' काही तोंडातून निघेना. म्हणून म्हटलं, मिशी असली तर निदान बोट फिरवायला काहीतरी असेल.

लावून बघू? नुसती. तुमचा डिंक गार आहे हो. जरा सरका, आरसा तुम्ही एकट्यानंच अडवलाय. हं. बघा आता, हा खरा –

हे कोण?

हे काका आहेत. नाही, थट्टा नाही, तीच भुवई, तोच ओठ, वर मिशी लागली आणि काका उमटले. घरातलीच नाकं शेवटी, जाणार कुठे. आणि मजा सांगू का, या नाटकाची तिकिटं कोण काढतं? काकाच. पहिली रांग, दर वेळी. तुम्ही 'नाही' म्हणालात की त्यांचा रुमाल बाहेर येतो. आज तर माझ्या खांद्यावर हात टाकून, घोगऱ्या आवाजात – 'पोरा, हा माणूस म्हणजे मीच बघ.' मला असं हसू फुटलं, खोकल्यावर भागवलं. जन्मात ज्यांनी 'नाही' म्हटलं ते फक्त कामगारांच्या पगारवाढीला, ते म्हणे ओव्हरसियर. अख्खं थिएटर ओव्हरसियर, अन् छत्री धरायला कुणीच नाही. मग सगळ्यांच्या डोक्यावर छत्री कोण धरतं हो?

तुम्ही माझ्याकडे असे बघू नका.

दार वाजतंय. तेच असणार. गुच्छ घेऊन आलेत, तुम्हाला सांगायला, की तुम्ही म्हणजे ते. उठू नका तुम्ही, बसा. ही घ्या तुमची मिशी – आई गं, ओढताना केवढं दुखतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ठेवा, मला नको. तुम्हाला रात्रीचा प्रयोग आहे.

या काका, आत या. गुच्छ तिथे ठेवा. नाही, ते बोलणार नाहीत, त्यांचा घसा बसलाय.

माझा बसलेला नाही.