काकांचं पथ्य

अरे, आमच्या कळव्याच्या काकांची सिगारेट कशी सुटली माहितीये? छातीच्या डॉक्टरांनी झापलं, काकू रडली, तरी हे ढिम्म. मग गुडघे दुखायला लागले म्हणून मी त्यांना डोंबिवलीच्या एका होमिओपॅथ बाईंकडे नेलेलं.

बाईंनी काकांच्या पिवळ्या बोटांकडे बघत साबुदाण्याएवढ्या गोळ्या दिल्या. "दर तासाला चार. आधी अर्धा तास, नंतर अर्धा तास तोंडात उग्र वासाचं काही नको. सिगारेटपण नाही."

"मग ओढू कधी?"

"पथ्य मोडलंत तर औषध लागू पडणार नाही."

काका उपास-तापासवाले. पथ्य म्हटल्यावर पाळलंच! सिगारेट सुटली ती सुटलीच.

मी बाईंना हात जोडले. "काय होतं हो त्या गोळ्यांत?"

"गुडघ्यांचं औषध. बाकी सगळं तुमच्या काकांनी केलं."