रंभाजी तात्यांचा पहारा

मंडळी, मागं बसलेल्यांनी थोडं पुढं सरकावं. आजचं आख्यान मोठ्या आवाजात सांगण्यासारखं नाही.

एक प्रश्न विचारते. उत्तराची घाई करू नका. एखाद्या माणसानं आयुष्यात एकच काम धरलं, त्याच्यावर जीव लावला, दुसरीकडं मान वळवून पाहिलं नाही — तर ते काम त्याच्यामागं राहतं का?

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी मान हलवली. राहतं म्हणतात. बरं, मानेचं नंतर बघू. आधी ऐका.

गोदावरीच्या अलीकडं कोळपिंप्री नावाचं गाव. गावात मारुतीचं देऊळ, आणि दर चैत्रात त्या देवळात अखंड नामाचा सप्ताह. तो सुरू केला रंभाजी तात्यांनी. तेव्हा मिसरूड फुटलेलं, खिशात काही नाही, पण मनात एकच गोष्ट — आपल्या गावात वर्षातले सात दिवस तरी देवाचं नाव बंद पडू द्यायचं नाही.

आता सप्ताहातल्या वीणेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. तरी सांगते, लहान मुलं बसली आहेत. वीणा एकदा गळ्यात आली की सप्ताह संपेपर्यंत ती जमिनीला लागत नाही. खुंटीला टांगायची नाही, भिंतीला टेकवायची नाही. एकानं आपला पहारा उभ्यानं करायचा, मग दुसऱ्यानं यायचं, एकमेकांच्या पाया पडायचं आणि या गळ्यातून त्या गळ्यात. रात्रंदिवस. वीणा उतरते ती फक्त दुसऱ्या माणसावर.

किती साधा नियम आहे बघा. आणि किती अवघड. कारण त्यात दुसरा माणूस लागतो.

सुरुवातीला माणसं यायची. तात्या स्वतः मोठे गोड वीणेकरी. तार छेडली की झोपलेलं कुत्रंही कान टवकारायचं. पण गोड माणसाची एक अडचण असते — त्याला दुसऱ्याचं खारट लागतं. कोणी पहाऱ्याला आला की तात्या बाजूला होत, पण जात नसत. खांबाला टेकून बघत बसत. "अरे, तंबाखू खाऊन वीणेला हात लावतो का?" "तार छेडतोस का ओरबाडतोस?" "देवाकडं बघ, दाराकडं काय बघतोस, बायको येणार आहे का?" लोक हसायचे. ज्याला बोलले तोही हसायचा. पुढच्या वर्षी मात्र तो यायचा नाही.

मग तात्या म्हणायचे, "राहू द्या. मीच उभा राहतो."

आणि गाव काय म्हणायचं? गाव म्हणायचं, "धन्य आहे. तात्या आहेत म्हणून सप्ताह आहे." मंडळी, कौतुकाइतकं स्वस्त काही नाही. कौतुक केलं की पहारा करावा लागत नाही. दुपारच्या पंगतीला चारशे पानं आणि पहाऱ्याला एक माणूस — असा सप्ताह फक्त कोळपिंप्रीत होतो असं मी म्हणत नाही. तुम्ही माझ्याकडं बघू नका, एकमेकांकडं बघा.

तात्यांची एकुलती एक लेक, द्वारका. लग्न होऊन दोन गावं पलीकडं दिलेली. ती दर चैत्रात माहेरी यायची. लोकांना वाटायचं सप्ताहाला येते. ती यायची आईसाठी, कारण त्या सात दिवसांत तिची आई, पार्वताबाई, घरात एकटी असायची. नवरा देवळात आणि ही चुलीपाशी. त्याच्यासाठी ताकाचा तांब्या देवळात पाठवायचा, धोतर धुवायचं, पायांना लावायला तेल कोमट करून ठेवायचं. ही तिची सेवा. तिला कोणी कधी हार घातला नाही.

त्या वर्षी पार्वताबाईनं अंथरूण धरलं होतं. थंडीतच धरलं होतं. चैत्र उजाडला तेव्हा अंगावर नुसतं कातडं राहिलं होतं. तात्या पाचव्या दिवसापर्यंत दिवसातून एकदा घरी येऊन दारातून बघून गेले. दारातूनच. सहाव्या दिवशी तेही जमलं नाही, कारण वीणा घ्यायला कोणीच आलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी पार्वताबाई लेकीला म्हणाली, "त्यांना बोलावतीस का?"

"कशाला गं? काही सांगायचंय?"

"काही नाय. नुसतं बसायला."

एवढंच. सोनं मागितलं नाही, डॉक्टर मागितला नाही. नुसतं बसायला माणूस मागितला. द्वारकेनं शेजारच्या गोदाकाकूला आईजवळ बसवलं आणि डोक्यावर पदर घेऊन ती उन्हात निघाली.

देवळात कोणी नव्हतं. मारुती आणि तात्या. तात्यांचे डोळे मिटलेले, पाय सुजून खांबासारखे झालेले, ओठांवर नाम. द्वारका समोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, आई बोलावतेय."

त्यांनी डोळे उघडले. नाम थांबवलं नाही, दोन नामांच्या मधे म्हणाले, "कसं येऊ? कोणाला तरी पाठव."

द्वारका गेली. जेवणं होऊन गाव निजलं होतं. ट्रॅक्टरवाले दिगंबरराव बाजेवर लवंडले होते. म्हणाले, "अगं, मला कुठं येतं ते? तात्यांपुढं चुकलं तर वर्षभर ऐकावं लागतं." एकाला पाठीचं दुखणं होतं, एकाला अजून आंघोळ करायची होती. दुपारी. शेवटी ती गेनू शेळक्याकडं गेली. गेनू ओसरीवर दोर वळत बसला होता.

"गेनूकाका, घटकाभर वीणा घ्या. आईचं काही खरं नाही."

गेनूचा हात थांबला. म्हणाला, "पोरी, मी एकदा घेतली होती. माझा जावई पहिल्यांदा सप्ताहाला आला होता. त्याच्यादेखत तात्यांनी माझ्या गळ्यातून काढून घेतली. म्हणाले, तुला जमत नाही. राग नाय बरं का. पण त्या दिशेला पाय उचलत नाय."

माणूस खोटं बोलत नव्हता.

ती परत देवळात आली.

"मिळालं कोणी?"

"नाही."

"मग थांब जरा. सांजच्याला हरिपाठाला मंडळी येतील."

"सांजपर्यंत आई थांबायची नाही, तात्या."

तात्यांच्या ओठांवरचं नाम तेवढ्यापुरतं अडखळलं. द्वारका पुढं झाली. "द्या इकडं. मी घेते."

"तुला जमेल?"

"जमायचं काय त्यात? उभं राहायचं. आई जन्मभर उभीच आहे."

मंडळी, त्यांनी दिली. पण देताना काय म्हणाले ऐका. घरात बायको शेवटच्या घटकेला, आणि म्हणाले, "अंगठा इथं ठेव. तार दाबू नको. नजर मूर्तीवर." मग लेकीच्या पाया पडले, नियमाप्रमाणं, आणि भिंत धरत धरत देवळाबाहेर गेले.

हसू नका. आणि त्यांना नावंही ठेवू नका. त्या माणसाचं वीणेवर प्रेम होतं. खरं होतं. खरं प्रेम असलेला माणूसच अशी चूक करतो. खोट्याला एवढं जमत नाही.

द्वारका उभी राहिली. तार छेडली. नाम घेतलं. तिच्या मनात एकच होतं — आता ते गल्लीच्या तोंडाशी पोचले असतील, आता ओसरीवर, आता आईच्या उशाशी बसले असतील. ती मनानं बापाच्या पायांनी चालत होती. आणि मग तिच्या ध्यानात आलं, की बापाला आईकडं पाठवताना आपण आईपासून दुरावलो.

किती वेळ गेला कोण जाणे. उन्हाची तिरीप उंबऱ्यावरून आत आली. आणि गल्लीतून हंबरडा ऐकू आला. गोदाकाकूचा.

आता काय करायचं?

सांगा की. आई गेली. लेक देवळात. वीणा गळ्यात. खाली ठेवायची नाही. आणि ज्या क्षणी आई गेली त्या क्षणी लेकीला सुतक लागलं. जी वीणा सोडता येत नाही, तिला आता हातही लावायचा नाही. मी शास्त्र वाचलं आहे, जाणत्यांना विचारलंही आहे. कोणी म्हणतं, सप्ताहात उभ्या असलेल्याला सुतक नाही. कोणी म्हणतं, आहे. द्वारकेपाशी तेव्हा कोणी जाणता नव्हता. गाव तिच्या घराकडं धावलं होतं. देवळाकडं कोणी आलं नाही.

ती उभी राहिली. रडताना हात थांबतो, आणि हात थांबला तर नाम तुटतं, म्हणून ती रडली नाही. तेव्हा जे रडायचं राहिलं ते नंतर कधी आलंच नाही, असं तिच्या सासरचे सांगतात.

मग तात्या आले. मागं दहा-पंधरा माणसं. तात्या देवळाच्या पायरीशी थांबले. जन्मभर जिथं उभे राहिले त्या देवळात त्यांना आता पाऊल टाकता येत नव्हतं. त्यांनी मागं वळून माणसांकडं पाहिलं.

"कोणीतरी घ्या. पोरीला आईपाशी जाऊ द्या."

कोणी पुढं झालं नाही. माणसं वाईट नव्हती. ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं पाहिलं. दिगंबरराव हळूच म्हणाले, "आम्हाला कुठं जमतं, तात्या. तुम्हीच म्हणता."

तात्यांनी गर्दीत गेनू शोधला. त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले.

"गेनू, घे."

"मला जमत नाही म्हणाला होता तुम्ही."

"म्हणालो होतो."

"मग आता जमतं?"

तात्या खोटं बोलू शकले असते. नाही बोलले. म्हणाले, "नाही. तरी घे."

गेनूनं पायातल्या वहाणा काढल्या. मग त्यानं रांजणातलं पाणी पायांवर घेतलं, तोंड धुतलं, आत गेला. द्वारकेच्या गळ्यातली वीणा स्वतःच्या गळ्यात घेतली आणि तिच्या पाया पडला. वयानं बापाच्या जवळचा माणूस. ती मागं सरली तर म्हणाला, "असू दे. जा तू."

ती धावली.

घरी बायकांनी पार्वताबाईला आंघोळ घातली होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. "भाग्याची, सवाष्ण गेली," असं एक म्हातारी म्हणत होती. द्वारका आईच्या पायाशी बसली. थोड्या वेळानं तात्या येऊन दाराशी टेकले.

तिनं विचारलं, "बोलली काही?"

"पाणी मागितलं. मी पाजलं."

"आणखी?"

तात्यांनी पार्वताबाईकडं पाहिलं. मग म्हणाले, "तू कुठंय विचारलं. म्हटलं, देवळात आहे, माझ्या जागी." इथं ते लेकीकडं वळले. "तर म्हणाली — तिलाही उभं केलंत?"

मंडळी, पार्वताबाईचं हे शेवटचं बोलणं. संसारात तिनं नवऱ्याला जाब असा एवढाच एकदा विचारला आणि उत्तराला ती थांबली नाही.

पुढं काय झालं? पुढच्या वर्षी तात्या चैत्राच्या आधी दारोदार फिरले. "एक पहारा घ्या, चुकलात तर मी तिथं नसेन," म्हणाले. खरोखरच नसायचे, पारावर देवळाकडं पाठ करून बसायचे. काही आले. बरेच नाही आले. माणसाची सवय मोडायला जेवढी वर्षं लागतात तेवढीच ती पुन्हा लावायला लागतात, आणि तेवढी वर्षं त्यांच्याकडं उरली नव्हती.

तात्या गेले तेव्हा गावानं मोठी सभा घेतली. "तात्यांचं कार्य अमर आहे," असं भाषण झालं. देवळात त्यांचा फोटो लावला, मोठा, चंदनी हार घालून. आज कोळपिंप्रीचा सप्ताह एका दिवसाचा असतो. नाव अजून सप्ताहच आहे. तो एक दिवसही उभा राहतो तो गेनूमुळं, आणि गेनूनं ज्या तिघांना जसं येईल तसं करू दिलं त्यांच्यामुळं. चांगलं होत नाही म्हणतात. होतं, एवढंच.

द्वारकेनं बापाला माफ केलं का? ते मला विचारू नका. बापाला शेवटी तिनंच पाणी पाजलं, एवढं मला माहीत आहे.

तर आजोबा, आता सांगा. काम मागं राहतं का? जीव लावल्यानं राहतं, असं मलाही वाटायचं. पण तात्यांइतका जीव कोणी लावला होता? फोटो राहिला. काम राहिलं ते फक्त त्यांनी ज्याला "जमत नाही" म्हटलं त्याच्या हातात.

घरी गेलात की बघा. माझ्यावाचून हे घर चालत नाही म्हणणारी आई, माझ्यावाचून दुकान बंद पडेल म्हणणारा बाप, माझ्यासारखं कोणी शिकवत नाही म्हणणारे गुरुजी — तुम्ही खरं बोलता, हीच दुःखाची गोष्ट आहे. आणि त्याहून मोठं दुःख, की ज्या वेळी घरातलं कोणी नुसतं बसायला बोलावेल, त्या वेळी तुम्हाला उठता येणार नाही. आणि मग तुमच्या जागी तुमचं मूल उभं राहील.

मी आता थांबते. आरती व्हायची आहे. पण त्याआधी एक. माझ्या मागं वीणा घेऊन जगन्नाथराव उभे आहेत. त्यांचा पहारा मघाशीच संपला. ज्यांचा पुढचा होता ते आलेले नाहीत, आणि जगन्नाथराव बोलणार नाहीत. तेही चांगलेच वीणेकरी आहेत. त्यांच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नाही.

कोणीतरी उठा. येत नसेल तरी या.