अरेझ्कीची शिट्टी

झाहिया : तीन कस्तूर, दोन धोबी. चला काका, की आज ओढ्यावरच मुक्काम?

अरेझ्की : गप. ऐकू दे.

झाहिया : दर शुक्रवारी या वळणावर तुम्ही असेच खिळता. मी सगळे पक्षी मोजायला येते, तुम्ही एकालाच शोधायला येता.

अरेझ्की : येतो. काय म्हणणं आहे तुझं?

झाहिया : काही नाही. नोव्हेंबर सरत आला, दीड वर्ष झालं सुलतानला सोडून. जन्मभर पिंजऱ्यात वाढलेला मकनीन. दाणा आयता वाटीत यायचा त्याच्या...

अरेझ्की : तूही म्हणून घे. माझा मुलगा म्हणतोच. अख्खं बुझारेआ म्हणतं, अरेझ्की न्हाव्यानं एवढं गाणारं पाखरू मांजराच्या घशात घातलं. दाढीला बसतात, माझा वस्तरा त्यांच्या गळ्यावर असतो, आणि मलाच सुनावतात. छाती बघ लोकांची.

झाहिया : मी तसं नाही हो म्हणत. वर्दिया काकूंनी जाताना मागितलं, तुम्ही दिलंत.

अरेझ्की : म्हणाली, मी सुटतेय, त्यालाही सोड. उघडलं दार. मागे वळून बघितलंसुद्धा नाही लेकाच्यानं. तेव्हापासून तेच डोक्यात, बाई गेली ती गेली, वर मी तिच्या नावानं त्याला मारला की काय. तो चार दिवस तरी जगला, एवढं कुणी सांगितलं ना, तर इथं यायचं बंद करीन.

झाहिया : बंद नका करू. मला नुसती फांदी हललेली दिसते, तुम्हाला वर कोण बसलाय ते कळतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेला माणूस मला पक्षी शिकवतो म्हटलं तर शाळेत बाकीच्या बाई हसतात. एकदा तुमचे कान घेऊन जाणार आहे त्यांना दाखवायला.

अरेझ्की : मस्का पुरे. संत्रं काढ.

झाहिया : काढते. सोलून देऊ की...

अरेझ्की : थांब. हलू नकोस. खाली डावीकडे काटेरी झुडपं आहेत ना?

झाहिया : आहेत, वाळलेली. थांबा, दुर्बीण लावते. लाल तोंड, पंखावर पिवळा पट्टा. काका, मकनीन आहे. या ओढ्यात मी आजवर एकही पाहिला नव्हता.

अरेझ्की : बघू नकोस, ऐक. तीनदा घोळवतो, मग एक लांब ओढतो. ही माझी शिट्टी आहे झाहिया. सकाळी दुकानात पाणी तापेपर्यंत मी वाजवायचो. सुलताननं पिल्लू असतानाच उचलली. दुसऱ्या कुणाला येत नाही ही.

(अरेझ्की दगडी बांधाला धरून हळूहळू खाली बसतो.)

झाहिया : म्हणजे सुलतानच की. जिवंत आहे तो.

अरेझ्की : पाय बघ. डाव्या पायात तांबडं कडं असेल. मी घातलंय, निघायचं नाही ते.

झाहिया : बोंडाआड बसलाय. वळला आता. काका...

अरेझ्की : बोल ना.

झाहिया : कडं नाही. दोन्ही पाय मोकळे आहेत.

अरेझ्की : नीट बघ.

झाहिया : नीटच बघतेय. नाहीये.

अरेझ्की : हं. मला शेवटाला खटकलंच होतं. सुलतान अगदी माझ्यासारखा आवाज खाली आणून सोडायचा. हा वर झटका देतो. असं कुणी शिकवत नाही. गाण्याच्या चढाओढीत असा पक्षी पहिल्याच फेरीत घरी पाठवतात.

झाहिया : म्हणजे कुणाच्या पिंजऱ्यातला नव्हे. रानात जन्मलेला.

अरेझ्की : रानातलाच.

झाहिया : मग रानातल्याला तुमची शिट्टी कशी येते? मकनीनची पोरं गाणं कुणाकडून घेतात?

अरेझ्की : बापाकडून. पण एका दिवसाचं काम नव्हे ते. महिना, दोन महिने, रोज कानावर पडावं लागतं.

झाहिया : मग चार दिवसांचं काय घेऊन बसलात? दाणा शोधला, बायको शोधली, घरटं झालं, पोरं मोठी केली त्यानं. आणि गाणं शिकवायलाही सवड काढली.

अरेझ्की : गाढव. आणि मी दीड वर्ष त्याला मेला समजून कुढत बसलो.

झाहिया : रडा, रडा. मी तिकडे बघते.

अरेझ्की : तो वरचा झटका ऐकलास? चाळीस वर्षं वाजवतोय, मला कधी सुचला नाही. माझ्यापेक्षा चांगलं केलंय पोरानं.

झाहिया : जवळ जाऊया का? अजून स्वच्छ ऐकू येईल.

अरेझ्की : नको. तरुणपणी याच काट्यांत मी मकनीन धरायला जाळी लावायचो. इथूनच ऐकू.